४३ टीसीएम आणि १८ मिनिटं

आमच्या वाडीच्या समाजमंदिराच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं मी स्वतः लिहिलेला एक आकडा अजून आहे : ‘आपल्या ओढ्यातून दरवर्षी वाहून जाणारे पाणी - ४३ टीसीएम’. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर. २०२० च्या दिवाळीत कुणीतरी त्याच्याखाली खडूनं लिहिलं, ‘आणि बांध’. खडू पुसला गेला. विनोद मात्र अजून चालू आहे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

मी डिप्लोमा सिव्हिल. पुण्यात एका ठेकेदाराकडं पावसाळी गटारांची कामं बघायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि माण तालुक्यातल्या आमच्या वाडीवर परत आले. महादेवाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला शंभरेक उंबऱ्यांची वाडी. पाऊस वर्षाला साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. ओढा पुढं माणगंगेला मिळतो, माणगंगा भीमेला. आमच्या वाट्याला राहतो तो उन्हाळ्यातला टँकर.

ओढ्यावर एक माती नाला बांध आहे, रोजगार हमीतला. त्यात माझ्या आजीच्या हातची पाटी पडली आहे, म्हणून आमच्या घरात त्याला ‘आजीचा बांध’ म्हणतात. लॉकडाऊनमध्ये वाडीतली पोरं रिकामी होती, मीही होते. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवतात हे सगळ्यांनी ऐकलेलं. एका संध्याकाळी पोरं आली. “ताई, तू इंजिनेर हायस. आपला बी ताळेबंद मांड की.”

मांडला. त्यातूनच पुढचं सगळं रामायण झालं.

सुरुवात पाणलोटाच्या हद्दीपासून करावी लागते. बांधापाशी उभं राहिलं तर कुठपर्यंतच्या जमिनीवर पडलेला थेंब इथं येतो, ती रेघ. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या टोपोशीटवर समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतरानं असतात आणि आमचं अख्खं पाणलोट त्यावर टपालाच्या तिकिटाएवढं भरलं. नकाशावरून ८१ हेक्टर आलं. मग मोबाइलमध्ये जीपीएस चालू करून दोन दिवस धारेवरून चाललो. खिंडीत एका जागी पाणी कुठल्या बाजूला जाणार हे कळेना, तेव्हा पोरानं सरळ बाटली उपडी केली. तिथंच समजलं की वरच्या पाणंदीच्या चाकोरीनं शेजारच्या शिवारातलं थोडं पाणी आमच्याकडं वळवलं आहे. चाकोरीला नकाशा माहीत नसतो. क्षेत्र झालं ८६ हेक्टर. त्यातला ३४ हेक्टर डोंगरउतार, म्हणजे मुरमाड, बोडका, कुसळी गवताचा. बाकी ५२ हेक्टर वहीत जमीन, वर भरकाड आणि खाली मध्यम काळी.

आता त्यावर पडलेल्या पावसातलं वाहतं किती? आपल्याकडं यासाठी अजूनही स्ट्रेंजचा तक्ता काढतात. मुंबई इलाख्यातल्या डब्ल्यू. एल. स्ट्रेंज या इंजिनिअरनं १८९२ मध्ये, आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेकडच्या नोंदी बघून तो बसवला. पाणलोटाचे तीन वर्ग, चांगलं, मध्यम आणि वाईट. हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर चांगल्या पाणलोटातून सुमारे १५ टक्के पाणी वाहून येतं, मध्यमातून ११, वाईटातून साडेसात. इथं जरा थांबायला पाहिजे. तक्त्यातलं ‘चांगलं’ पाणलोट म्हणजे बोडकं, चढाचं, ज्यात पाणी मुरत नाही आणि भसाभस धरणात येतं ते. झाडी-गवताचं, पाणी पिणारं पाणलोट ‘वाईट’. धरण बांधणाऱ्याच्या नजरेनं ते बरोबरच आहे. पण पोरांना हे सांगितल्यावर एकजण म्हणाला, “म्हंजे आपला डोंगर चांगला हाय म्हनून आपलं वाटुळं झालं?”

मी मध्यम धरलं. सरासरी पाऊस ४८० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा घनमीटर होतात, म्हणजे दहा हजार लिटर, म्हणजे आमच्या भाषेत बरोबर एक टँकर. वाडीत हे सगळ्यांना एका दमात समजलं. ८६ हेक्टरवर वर्षाला ४१,२८० टँकर पडतात. तक्त्याप्रमाणे त्यातले साधारण १०.३५ टक्के वाहतात. झाले ४३ टीसीएम, म्हणजे ४३ हजार घनमीटर, म्हणजे ४,३०० टँकर. आणि आजीच्या बांधात मावतात सहाशे.

सभेत एकदम शांतता पसरली. उन्हाळ्यात एका टँकरसाठी भांडणारी माणसं, आणि डोळ्यांदेखत साडेतीन हजारांच्या वर टँकर माणगंगेला. मग एकच सूर लागला, बांधाची उंची वाढवा. गाळ काढला, तो चांगलाच केला. त्याच जेसीबीनं भराव अर्धा मीटर वर चढवला. आणि पाणी खरंच वर राहावं म्हणून सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाजूनं सोडून द्यायच्या वाटेच्या, तोंडावर अर्धा मीटरची दगडी भिंत घातली. सांडवा चार मीटर रुंद होता तो तेवढाच राहिला. त्याकडं कुणी बघितलं नाही. मी बघितलं नाही हे जास्त वाईट, कारण पुण्यात आठ वर्षं मी दुसरं काहीच बघत नव्हते.

शहरात पाणी घालवायचं असतं. तिथला पहिला प्रश्न असतो, किती वेगानं येईल? गटाराचा व्यास त्यावरून ठरतो. वर्षभरात एकूण किती पाणी वाहिलं हे पुण्यात मला कुणी कधी विचारलं नाही. वाडीत पाणी ठेवायचं असतं, म्हणून तिथं पहिला आणि शेवटचा प्रश्न, एकूण किती? मी गाडीतून उतरताना पुण्याचा प्रश्न बहुतेक सीटवर विसरले.

हंगामाच्या नोंदीसाठी मी गच्चीवर तेलाचा पंधरा किलोचा डबा ठेवला होता, वरचा पत्रा कापून. सरळ बाजूचं कुठलंही भांडं पर्जन्यमापक म्हणून चालतं. पट्टी उभी धरायची आणि मिलिमीटर वाचायचे. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा बूड वाकडा असतो, ती नको. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला वाचत होते, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ.

१४ ऑक्टोबर २०२०. आदल्या दिवशी काकिनाड्याजवळ किनारा ओलांडलेलं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तेलंगणावरून आपल्याकडं सरकत होतं. सोलापूर-पंढरपूरकडं त्या दोन दिवसांत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्याकडं संध्याकाळी साडेसहाला सुरू झाला. आवाज असा की आई म्हणाली, पत्र्यावर कुणी खडी ओततंय. मी छत्री आणि बॅटरी घेऊन दर दहा मिनिटांनी डबा वाचायला लागले. निव्वळ हौस. पहिल्या चाळीस मिनिटांत ४१ मिलिमीटर. त्यातही एक दहा मिनिटं अशी गेली की पट्टी १६ मिलिमीटर चढली. तासाच्या हिशेबानं तो वेग ९६ होतो. हा आकडा वहीत लिहिताना माझा हात थांबला. पुण्यात याच आकड्याला मी डिझाइन करायचे.

ओढ्यावर पळत गेले. लाल पाणी, काठाला घासून. एका रिकाम्या बाटलीत लिटरभर भरून घेतलं, का ते तेव्हा सांगता आलं नसतं. बांधावर चार-पाच बॅटऱ्या हलत होत्या. सांडव्यातून पाणी जात होतं, पण भरावाच्या डोक्यावरूनही जायला लागलं होतं, हातभर रुंदीच्या एका खोलगट जागेवरून. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की संपलं. नवा अर्धा मीटर तर नुसता ढिला टाकलेला. आठच्या सुमारास मधला भाग बसला. आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं खाली ठेवल्यासारखा.

सकाळी डब्यात ९२ मिलिमीटर होते. बांधाच्या खाली माझ्या चुलत्यांचं, तात्यांचं वावर. रांगड्या कांद्याचं रोप लावून तीन आठवडे झाले होते. वीस गुंठ्यांवर माती नव्हतीच, खालचा मुरूम धुवून वर आलेला. मी टेप लावला, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. सरासरी ३० सेंटिमीटर गेली होती. वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर, माती झाली सहाशे घनमीटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर धरले तर दोनशे ट्रॉल्या.

तात्या बांधावर बसून होते. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आगं, ते टीसीएम येतं कसं, हळू का जोरात, ते कुठं लिवलं हुतं?”

कुठंच नव्हतं.

मंडळातल्या पर्जन्यमापकावर ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली होती, म्हणून अतिवृष्टी धरून पंचनामा झाला. पिकाचा. वाहून गेलेल्या मातीची भरपाई काय मिळाली ते तात्यांना विचारू नका.

पुढचे आठ दिवस मी जे केलं ते मे महिन्यातच करायला हवं होतं. पाणलोटातला सगळ्यात लांबचा थेंब बांधापर्यंत किती वेळात पोचतो, तो झाला जमावकाल. तेवढा वेळ पाऊस टिकला की सगळं पाणलोट एकदम बांधाच्या दारात हजर होतं. आमच्या ओढ्याची लांबी १,६०० मीटर, माथ्यापासून बांधापर्यंत उतार ८० मीटर. किर्पिचचं सूत्र लावलं. ते १९४० मधलं, अमेरिकेतल्या टेनेसीतल्या छोट्या शेती-पाणलोटांच्या नोंदींवरून बसवलेलं, पण एवढ्याशा ओढ्याला चालतं. उत्तर आलं १८ मिनिटं. चहा टाकून उकळेपर्यंत डोंगरावरचं पाणी दारात. आणि त्या संध्याकाळी तासाला शंभरच्या जवळचा जोर दहा मिनिटं तर मी डोळ्यांनी बघितला होता.

मग रॅशनल सूत्र, पुराचा जास्तीत जास्त प्रवाह काढायचं, पुण्याचं माझं रोजचं. अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहणारा वाटा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्र यांचा गुणाकार करायचा, क्षेत्र हेक्टरमध्ये आणि तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये असली तर ३६० नं भागायचं. पुण्यात डांबर-काँक्रीटला गुणांक ०.९ धरायचे. इथं डोंगरउताराला ०.५ आणि शेताला ०.४ धरला, क्षेत्राच्या प्रमाणात सरासरी ०.४४. तीव्रता १००, क्षेत्र ८६. सेकंदाला साडेदहा घनमीटर. आता आमचा चार मीटरचा सांडवा. त्यावरून ६० सेंटिमीटर जाडीचं पाणी गेलं तर मीटरला ०.७९ घनमीटर, म्हणजे एकूण सव्वातीनाच्या आतच. दरवाजातून तीन माणसं निघतील एवढी जागा आणि आत दहा जण ढकलतायत. त्यात आम्ही उंबरा वाढवून ठेवलेला.

पण गुणांक मीच धरला होता, तीव्रता मीच धरली होती. एकदा तोंड पोळलेलं, म्हणून दुसऱ्या वाटेनं पडताळायचं ठरवलं. बांधाच्या वर दोनशे मीटरवर ओढा सरळ आहे आणि बांधाचा फुगवटा तिथवर येत नाही. पूर किती चढला ते विचारल्यावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली. एक म्हणे कमरेइतका, दुसरा म्हणे छातीइतका, आणि दुसऱ्याची छाती पहिल्याच्या कमरेच्या जरा वर. त्यापेक्षा काठची बाभळ बोलकी निघाली. काट्यांत बाजरीचं सरमाड, गुटख्याच्या पुड्या आणि एक चप्पल, सगळं एका रेषेत अडकलेलं. समोरच्या काठावरही तीच रेघ. हायड्रोमार्करनं म्हणजे पाणी भरलेल्या नळीच्या लेव्हलनं मोजलं, तळापासून ९० सेंटिमीटर. तळाची रुंदी पाच मीटर, काठ तिरपे, उतार शंभरात एक, दगड-झुडपांचा खडबडीतपणा ०.०४५. मॅनिंगच्या सूत्रानं वेग सेकंदाला पावणेदोन मीटर आणि प्रवाह ९.३ घनमीटर आला.

साडेदहा आणि नऊ पॉइंट तीन. खूप दिवसांनी जेवण गेलं.

पुराचा प्रवाह काढायचं इंग्लिसचं सूत्रही लावून बघितलं, कारण आपल्याकडचे बरेच इंजिनिअर डोळे मिटून ते लावतात. उत्तर आलं ३२. ते सूत्र सह्याद्रीच्या घाटातल्या, पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांवरून आलेलं आहे. माणदेशात त्या हिशेबानं सांडवा बांधायचा तर बांध राहतच नाही, नुसता सांडवा राहतो.

मग ४३ टीसीएम खोटं होतं का? खोटं नव्हतं, सरासरीचं होतं. कर्व्ह नंबरच्या पद्धतीनं त्याच रात्रीचा हिशेब केला तेव्हा जास्त स्पष्ट झालं. या पद्धतीत जमिनीवरून पाणी किती वाहतं त्याप्रमाणे तिला क्रमांक देतात आणि आधीच्या पाच दिवसांत ती किती भिजली होती ते विचारतात. आमच्या जमिनीला ८० हा क्रमांक धरला तर तोच ९२ मिलिमीटर पाऊस कोरड्या जमिनीवर पडल्यावर १२ मिलिमीटर वाहतो, मध्यम ओलीवर ३९, आणि आधीच भिजलेल्या जमिनीवर ६३. मृगाचा पहिला पाऊस काळ्या मातीच्या भेगा पिऊन टाकतात, ओढ्याला टिपूस येत नाही. हस्त-चित्रेच्या पावसाला प्यायला कुणी उरलेलं नसतं. मध्यम ओल धरली तरी त्या एका रात्रीत ३३ टीसीएमच्या वर पाणी गेलं. ज्याला मी वर्षाचं म्हणून भिंतीवर रंगवलं होतं, त्यातलं पाऊणाच्या वर एका रात्रीचं. आणि माती नेतं ते हेच पाणी. वर्षभराची रिमझिम शेतातलं काही नेत नाही.

त्या बाटलीतला गाळ खाली बसल्यावर पाणी निथळून टाकलं, गाळ उन्हात वाळवला आणि दहिवडीला सोनाराच्या काट्यावर नेला. १४ ग्रॅम भरला. सोनार म्हणाला, “ताई, मोड देनार का?” एका बाटलीवरून अख्ख्या पुराचा हिशेब करणं शास्त्रशुद्ध नाही हे मला कळतं. तरी केला. लिटरला १४ ग्रॅम म्हणजे घनमीटरला १४ किलो, ३३ हजार घनमीटरला साडेचारशे टनांच्या पुढं. बांधाखालची तात्यांची माती यात धरलेलीच नाही. देशातली सरासरी धूप वर्षाला हेक्टरी १६.४ टन सांगतात, १९८३ पासून हाच आकडा सगळीकडं फिरतो. शेतावर पसरला तर तो थर सव्वा मिलिमीटरचा होतो. पट्टीवर दिसत नाही, म्हणून सभेत मतं मिळत नाहीत.

नवा सांडवा तेरा मीटरचा हवा होता. इथून खरी अडचण सुरू झाली.

पाणी अडवायला गावात जागा मिळते, पैसा मिळतो, नारळ फोडायला पुढारीही मिळतो. पाणी सोडायला जागा कोण देतं? भरावाच्या डाव्या बाजूला कठीण मुरूम होता, तिथूनच सांडवा काढायला हवा होता आणि ती जमीन बापूंची. तेरा मीटर रुंद, तीस मीटर लांब, म्हणजे चार गुंठ्यांच्या आतच. पण बापूंचं म्हणणं बिनतोड होतं. “बांधाचं पानी तुमच्या हिरीला. आन् फुटू नये म्हनून जागा माझी?” बांधाच्या वरच्या अंगाला असलेल्या माणसाच्या विहिरीला बांधाचा काही उपयोग नाही, हे कुठल्याच ताळेबंदात लिहिलेलं नसतं. तीन सभा झाल्या. एक फक्त त्यांच्या वडिलांनी १९८० च्या दशकात कुणाला वाट दिली नव्हती यावर झाली. शेवटी तात्याच बापूंकडं गेले, आम्हाला न सांगता. ठरलं असं की सांडव्यातलं गवत बापूंचं, दरवर्षी बांधातून निघेल त्या गाळाच्या पहिल्या पन्नास ट्रॉल्या बापूंच्या, आणि पाइपलाइन टाकून दोन दिवसाआड तासभर पाणी. कागद केला, सह्या घेतल्या. मी काढलेल्या कुठल्याही आकड्यापेक्षा हा कागद जास्त कामाचा आहे.

काम २०२१ च्या मार्चपर्यंत उरकलं. सांडव्याचा उंबरा मूळ जागी खाली आणला, हौसेची भिंत काढली. फुटलेली जागा पायऱ्या पाडून उकरली, म्हणजे जुनी आणि नवी माती एकमेकींना धरतील. मग वीतभराचे थर टाकून, पाणी मारून, चोपून वर आणली. सांडव्याच्या शेवटी पाणी परत ओढ्यात पडतं तिथं दगडांच्या तीन पायऱ्या केल्या. नाहीतर पाणी तिथून मागं खात येतं आणि दोन-चार वर्षांत सांडव्यालाच घळ पडते.

माथा ते पायथा हे वाक्य प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. आम्ही पायथ्यापासून सुरुवात करून तोंडावर पडलो होतो, मग माथ्याकडं गेलो. २०२१ च्या पावसाळ्याआधी डोंगरउतारावर सहा इंची खिळे ठोकले, वॉशर घालून, वॉशर जमिनीला टेकलेला. पावसाळ्यानंतर डोकं आणि वॉशर यांतलं अंतर मोजायचं. बोडक्या उतारावर सरासरी चार मिलिमीटर माती गेली. मारवेल-पवन्याचं गवत होतं तिथं मोजण्यासारखं काही नव्हतं. दोन खिळे मेंढरांनी पाडले, एक कुणीतरी घरी नेला. धूप मोजायच्या मोठ्या समीकरणात सहा अक्षरं असतात, त्यातली पाऊस, माती, उताराची लांबी-चढ ही आपल्या हातात फारशी नसतात. आच्छादनाचं अक्षर असतं. खिळ्यांनी तेच सांगितलं, आणि मेंढपाळांना समीकरणापेक्षा खिळा दाखवणं सोपं गेलं. वीस हेक्टरवर दोन वर्षं चराईबंदी त्यांनी मान्य केली. पूर्ण पाळली असं मी म्हणणार नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात त्याच वीस हेक्टरवर सलग समतल चर खणले. ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल. उतार बारा टक्के, दोन चरांत एक मीटरची उतरण ठेवली की ते सव्वाआठ मीटरवर येतात, हेक्टरी बाराशे मीटर चर. सगळे एकदा तुडुंब भरले की हेक्टरी २१६ घनमीटर, म्हणजे साडेएकवीस मिलिमीटर वाहतं पाणी पोटात. चांगली गोष्ट आहे. पण त्या रात्री वाहिले होते ३९. म्हणजे चर झाले तरी सांडवा लागतोच, आणि हे मला पुन्हा सभेत सांगावं लागलं, कारण “आता चर हायत, बापूची जागा कशाला अडकवायची” असं म्हणणारे निघालेच.

चरांतही माझी चूक झाली. हायड्रोमार्करच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला की एका बाजूचं पाणी खोटं बोलतं. आम्ही उन्हात घाई केली आणि साठ मीटरचा एक चर चार बोटं कलता गेला. मृगाच्या पहिल्या सरीला सगळं पाणी खालच्या टोकाला गोळा झालं, वरंबा फुटला आणि जिथं ओघळ नव्हती तिथं नवी ओघळ तयार झाली. समतल चर समतल नसला तर तो चर राहत नाही, पाट होतो. मग दर दहा मीटरवर न खणलेल्या मातीचा पडदा ठेवायचा नियम केला, म्हणजे चुकलं तरी दहा मीटरपुरतं. जिथं आधीच खणून झालं होतं तिथं मातीचे आडवे कट्टे भरले. ओघळीत अनगड दगडी बांध रचले, मोठे दगड खालच्या अंगाला, मधोमध थोडा खोलगट भाग. तिथंही सांडवाच, फक्त वीतभराचा. चराच्या मातीवर स्टायलो या चाऱ्याचं बी टाकलं. ते उगवलं, पण शेळ्यांनाही आवडलं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. शनिवार-रविवारसाठी मी वाडीवरच होते. डब्यात रात्री दहापर्यंत ७८. आम्ही पाच-सहा जण सांडव्यावर गेलो. कडेच्या दगडावर मी लाल रंगानं पट्ट्या मारून ठेवल्या होत्या, पाच-पाच सेंटिमीटरच्या. पाणी सातव्या पट्टीला लागलं होतं, ३५ सेंटिमीटर. तिथल्या तिथं मोबाइलवर गुणाकार केला. तेरा मीटर रुंदीतून साडेचार घनमीटरच्या वर जात होते. जुन्या सांडव्यात ते मावले नसते. तात्यांनी विचारलं, “किती?” मी सांगितलं. ते म्हणाले, “टीसीएम का ते दुसरं?”

“ते दुसरं.”

“मग बरं हाय,” म्हणाले, आणि बॅटरी घेऊन स्वतःच्या वावराकडं गेले. तिथं आता तळ्यातल्या गाळाच्या सत्तर ट्रॉल्या पडल्या आहेत. दोनशेला अजून एकशेतीस बाकी.

त्या रात्रीही एक बाटली भरली. पाणी पूर्वीसारखंच लाल दिसत होतं, पण गाळ सहा ग्रॅम भरला. पाऊस कमी होता, जमीन किती भिजलेली होती तेही वेगळं, त्यामुळं ही तुलना मी कुणाला छातीठोकपणे सांगत नाही. दोन्ही बाटल्या तारखा चिकटवून खिडकीत ठेवायच्या होत्या, पोरांना दाखवायला. पुढच्या शनिवारी आले तर २०२० ची जागच्या जागी होती आणि दुसरी आईनं स्वच्छ घासून तिच्यात करडईचं तेल भरून ठेवलं होतं.